अडले की झुकणारे पाते

पहाटेचे तीन. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या एखाद्या लहान शहरातला मुख्य रस्ता. तापमान शून्याखाली १५ अंश. संध्याकाळपासून पडणाऱ्या बर्फाने रस्ता, फुटपाथ आणि घरांपुढची हिरवळ यांतला फरक पुसून टाकला आहे. मीठ आणि वाळूने भरलेला वीसेक टनांचा ट्रक ताशी ४० किलोमीटरने चालला आहे. त्याच्या तोंडाशी तीन-साडेतीन मीटर रुंदीचा, आतून वाकवलेला पोलादी फळा आहे. हाच तो ‘स्नोप्लाऊ’, म्हणजे बर्फाचा नांगर. फळ्याची खालची धार डांबराला घासत जाते आहे आणि बर्फ लाटेसारखा उजवीकडे उलटतो आहे. एवढ्यात ‘खाड्’ असा आवाज होतो. फळा नमस्काराला वाकावा तसा पुढे झुकतो आणि पुढच्याच क्षणी मागे येऊन आपल्या जागी बसतो. ट्रक थांबलेला नाही. चालकाच्या कपातली कॉफी हिंदकळली, एवढेच.

खाली होते मॅनहोलचे झाकण. जमिनीतले पाणी गोठले की ते फुगते आणि रस्ता जागोजागी वर उचलला जातो. त्यात हे झाकण दोन बोटे वर आले होते. बर्फाखाली असे बरेच काही दडलेले असते. फुटपाथची कड, पुलाच्या सांध्यावरची लोखंडी पट्टी, रेल्वे फाटकातले रूळ, रस्त्यावर पडलेला दगड, कुणाच्या तरी गाडीचा गळून पडलेला सायलेन्सर. नांगर चालवणाऱ्याचे काम मोठे विचित्र आहे. जे दिसत नाही त्यालाच घासून जायचे, तेही रात्री आणि घाईत.

फळा झुकला नसता तर काय झाले असते, याचा हिशेब करून पाहू. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. धार अडकून ट्रक अर्ध्या मीटरच्या आत थांबला असे धरले, तर थांबायला सेकंदाचा जेमतेम अकरावा भाग लागेल आणि आतल्या माणसाला गुरुत्वाकर्षणाच्या साडेबारा पट झटका बसेल. ८० किलो वजनाच्या चालकाच्या पट्ट्यावर त्या क्षणी एक टनाचा भार. साधारण सहा मीटरवरून, म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पडलेला माणूस जमिनीशी पोहोचताना ज्या वेगात असतो, तोच हा वेग.

प्रत्यक्षात ट्रक भिंतीवर आदळल्यासारखा थांबतोच असे नाही. बहुतेकदा त्याआधी काहीतरी तुटते. फळा चिरतो, त्याला गाडीशी जोडणारी चौकट वाकते, गाडीचे नाक उचलले जाते किंवा ती आडवी फिरते. मग समोरून येणाऱ्या गाडीचे काय, हा वेगळाच प्रश्न.

आतल्या माणसाच्या शरीरात त्या अकराव्या भागात काय होते? पट्टा छाती धरून ठेवतो. डोक्याला धरणारे काही नसते. साडेचार-पाच किलोचे डोके पुढे फेकले जाते आणि मग मागे येते. मानेच्या मणक्यांमधले छोटे सांधे, त्यांना बांधणारे अस्थिबंध आणि स्नायू यांवर ताण येतो. धोका समोर दिसत असेल तर माणूस नकळत मान आखडतो आणि स्टीअरिंग घट्ट धरतो. इथे दिसत काहीच नाही. अनपेक्षित धक्क्यानंतर मानेचे स्नायू प्रतिक्षिप्त क्रियेने ताठ व्हायला सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास वेळ जातो. म्हणजे ते जागे होईपर्यंत धक्का बसून संपलेला असतो. दुखणे मात्र बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी सुरू होते. मान वळत नाही, डोक्याची मागची बाजू ठणकते, आणि ‘काल तर काहीच वाटलं नव्हतं’ असे म्हणत माणूस दवाखान्यात येतो.

आपल्याकडे बर्फ नाही, पण हा अपघात अनोळखी नाही. पावसाळ्यात रस्ताभर पाणी साचते आणि दुचाकीचे पुढचे चाक खड्ड्यात जाते. खड्डा दिसला असता तर ब्रेक लागला असता, निदान हात तरी सावरले असते. वर सपाट पाणी दिसते, म्हणूनच मनगट आणि गळपट्टीचे हाड मोडते.

बर्फाच्या नांगरावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे पोलाद जाड करा, चौकट मजबूत करा. गंमत अशी की फळा जितका भक्कम आणि ताठ, तितका धक्का बिनबोभाट मागे पोहोचतो. फळ्याकडून चौकटीत, चौकटीतून ट्रकच्या सांगाड्यात, तिथून सीटमध्ये आणि सीटमधून पाठीच्या कण्यात. म्हणून कारागिरांनी उलटी वाट धरली. धारेला अडथळा लागला की तिने हट्ट सोडायचा, वाकायचे, अडथळा ओलांडायचा आणि परत उभे राहायचे. इंग्रजीत याला ‘ट्रिप’ म्हणतात, म्हणजे ठेच लागणे. ठेच लागलेला माणूस तोल सावरून पुन्हा चालू लागतो, तसेच.

ही ठेच दोन प्रकारांनी बसवतात. एका प्रकारात अख्खा फळा बिजागरीवर असतो. अडथळा लागला की तळ मागे सरकतो, माथा पुढे झुकतो आणि मागच्या जाड स्प्रिंगा ताणल्या जातात. अडथळा मागे पडला की त्याच स्प्रिंगा फळ्याला खेचून उभा करतात. उंच अडथळ्यासाठी ही रचना बरी. तोटा एवढाच की फळ्यापुढे जमलेला बर्फ त्या झुकण्यात रस्त्यावर सांडतो, आणि मोठा फळा वाकताना-उठताना गाडीला हिसका देतोच.

दुसरा प्रकार ‘ट्रिप एज’. यात फळा ताठच राहतो. खालची वीतभर पट्टी तेवढी बिजागरीवर आणि स्वतंत्र स्प्रिंगांवर असते. झाकण लागले की ती पट्टी मागे दुमडते आणि वरचा बर्फ जिथल्या तिथे राहतो. हलणारा भाग हलका असल्याने तो चटकन दुमडतो आणि चटकन परत येतो. मात्र अडथळा त्या पट्टीपेक्षा उंच असेल, तर धक्का ताठ फळ्यालाच बसतो. फुटपाथच्या कडेला ती जमते, कडेला पडलेल्या धोंड्याला नाही. यातला श्रेष्ठ प्रकार कोणता, यावर नांगर चालवणाऱ्यांत न संपणारे वाद आहेत. रस्ता कसा आहे हे विचारल्याशिवाय त्यांचा निकाल लागणार नाही.

मुरमाड, खडकाळ रानात ट्रॅक्टर घालणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही. स्प्रिंगवाल्या नऊ फणी कल्टिव्हेटरमध्ये प्रत्येक फणामागे स्प्रिंग असते. मातीतला दगड लागला की तेवढाच फण मागे उचलला जातो, दगड ओलांडतो आणि पुन्हा मातीत शिरतो. बाकीचे आठ आपले काम करत राहतात. काळ्या, दगड नसलेल्या जमिनीत साधा ताठ फणही चालतो. मिनेसोटातला रस्ता आणि माणदेशातले माळरान, दोन्हीकडे अडचण एकच: खाली काय आहे ते वरून कळत नाही.

खरी कसोटी स्प्रिंग किती ताणून ठेवायची याची आहे. ती सैल असेल तर टायरांखाली दाबून घट्ट झालेल्या बर्फालाही धार शरण जाते. प्रत्येक दहा पावलांवर वाकते आणि मागे गुळगुळीत थर सोडून जाते. तो थर सकाळी शाळेच्या बसखाली येतो. ती फार ताठ केली तर बर्फ छान निघतो, पण झाकण आले की स्प्रिंग असून नसल्यासारखी. लहान गाड्यांच्या काही नांगरांच्या माहितीपुस्तिकांत सांगितलेले असते की स्प्रिंग इतपतच ताणा की वेढ्यांमध्ये कागद सरकेल एवढी फट पडावी. पण वारंवार वाकणाऱ्या फळ्याला वैतागलेला माणूस पाना घेऊन दोन आटे जास्त देतो. घरातला फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार घालणाऱ्या माणसाचेच हे भावंड. फ्यूज उडणे थांबते, पण ते वायर वितळेपर्यंतच.

असाच नेमका ताण ठरवण्याचा प्रश्न बर्फावर घसरणाऱ्या स्कीइंगच्या खेळाडूंपुढेही होता, आणि तिथे तुटत होते ते माणसाचे हाड. बूट स्कीला घट्ट बांधलेला असे. स्की बर्फात रुतली की पीळ थेट नडगीच्या हाडात जाई. मग ठरावीक जोरानंतर बूट सोडून देणारे बंध आले. त्यांचा आकडा खेळाडूचे वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळव्याची लांबी पाहून लावतात. १९७० नंतरच्या दशकांत नडगीचे फ्रॅक्चर खूप घटले. गुडघ्याच्या आतला पुढचा अस्थिबंध, ज्याला एसीएल म्हणतात, तो तुटणे मात्र तसे घटले नाही. कारण हे बंध मुख्यतः दोन हालचाली ओळखतात: बुटाच्या टोकाचा पीळ आणि टाचेचे उचलणे. खेळाडू मागे कलून पडतो तेव्हा गुडघ्यात जो पीळ पडतो, तो त्यांना कळतच नाही.

नांगराचेही तसेच आहे. त्याची स्प्रिंग समोरचा धक्का ओळखते. बर्फ बाजूला टाकण्यासाठी फळा बहुतेक वेळ तिरका धरलेला असतो. अशा वेळी अडथळा जर फळ्याच्या टोकाला लागला, तर तो फळ्याला झुकवण्याऐवजी फिरवू पाहतो. फळा तिरका करणाऱ्या तेलाच्या सिलिंडरवर तो सगळा जोर येतो. म्हणून त्या तेलाच्या वाटेवर एक सुटका-झडप ठेवतात. दाब मर्यादेबाहेर गेला की झडप उघडते, तेल दुसऱ्या बाजूला जाते आणि फळा आपणहून वळून धक्का सोडतो. फुटपाथला घासणाऱ्या टोकांवर वेगळे जाड पोलादी संरक्षक बसवतात. खडीच्या रस्त्यावर फळ्याखाली बुटासारखे दोन तळवे लावतात, म्हणजे धार जमिनीपासून जरा उचललेली राहते आणि खडी खरवडून निघत नाही. एवढे करूनही सगळ्या दिशा झाकल्या गेल्या, असे कुणी अनुभवी चालक म्हणणार नाही.

धारेची पट्टी वेगळी, बोल्टने बसवलेली असते. ती झिजण्यासाठीच आहे. वेळेवर बदलली नाही तर रस्ता महागडा फळाच खाऊ लागतो. साधे पोलाद डांबरावर लवकर झिजते म्हणून पट्टीत टंगस्टन कार्बाइडचे तुकडे बसवू लागले. बोअरवेलच्या बिटमध्ये असते तेच हे. झिजेला ते पोलादाला पुष्कळ मागे टाकते, पण कठीण म्हणजे चिवट नव्हे. काच कठीण असते आणि तडकतेही. लोखंडी सांध्यावर आपटून कार्बाइडचे तुकडे उडू लागले. मग काही ठिकाणी या पट्टीचे हातभर लांबीचे तुकडे करून ते रबरात बसवण्यात आले. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे किंचित मागे-वर होतो, बाकीचे रस्त्याला चिकटून राहतात.

रबराचा फायदा पट्टीपुरता नाही. आवाज आणि थरथर कमी होते. बर्फ हटवणाऱ्यांच्या पाळ्या लांब असतात आणि बऱ्याचदा रात्रीच्या. एका मोठ्या धक्क्याची गोष्ट सगळे सांगतात. तासन्‌तास सीटमधून कण्यात जाणाऱ्या बारीक थरथरीची गोष्ट कुणी सांगत नाही. मात्र ट्रक, ट्रॅक्टर, बस चालवणाऱ्यांच्या कंबरदुखीचा या थरथरीशी असलेला संबंध वैद्यकशास्त्राला चांगला परिचित आहे. एसटीच्या कोणत्याही जुन्या चालकाला विचारावे.

विमानतळावर तर पोलादी धार बऱ्याच ठिकाणी चालतच नाही. धावपट्टीच्या मध्यरेषेवर जमिनीत दिवे पुरलेले असतात. त्यांच्या काचेवरून पोलाद गेले तर धुक्यात उतरणाऱ्या वैमानिकाला रेषा दिसणार नाही. तिथे रबर किंवा पॉलियुरेथेनची धार वापरतात आणि मागोमाग फिरते ब्रश चालवतात. मऊ धारेने घट्ट बर्फ नीट निघत नाही, हे ठाऊक असूनही. इथे जपायचे आहे ते अडथळ्याला, पात्याला नव्हे.

रस्त्यांवरही हा उलटा विचार झाला आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर रात्री चमकणारे ‘कॅट आय’ सगळ्यांनी पाहिले असतील. मूळ कॅट आय यॉर्कशायरच्या पर्सी शॉ यांचे, १९३४ सालच्या पेटंटचे. त्यात काचेचे मणी रबरात बसवलेले असतात आणि रबराभोवती लोखंडाची मजबूत चौकट असते. वरून वजन गेले की रबर दबते आणि मणी आत जातात. त्यामुळे नांगर त्याचे सहसा फार बिघडवू शकत नाही. कॅलिफोर्नियात मात्र एल्बर्ट बॉट्स या रसायनतज्ज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे गोल उंचवटे रस्त्यावर चिकटवलेले असत. १९६६ मध्ये तिथल्या विधिमंडळाने ते महामार्गांवर बसवायला सांगितले, पण जिथे बर्फ पडत नाही तिथेच. नांगराच्या एका फेरीत ते उपटून निघाले असते.

सगळ्यात स्वस्त संरक्षण मात्र बर्फ पडण्याआधीच केलेले असते. अमेरिका-कॅनडातल्या अनेक गावांत हिवाळ्याच्या तोंडावर फुटपाथच्या कोपऱ्यांशी आणि अग्निशमनाच्या नळांशी उंच काठ्या रोवतात. जपानच्या होक्काइदो बेटावर रस्त्याच्या कडेला उंच खांबांवर खाली टोक केलेले बाण लटकतात. रस्ता कुठे संपतो ते बाण दाखवतो, कारण बर्फात तो सांगणारे दुसरे काहीच उरत नाही. जुना चालक आपल्या वाटेवरची झाकणे, सांधे, फाटके पाठ करून असतो. सांधा यायच्या आधी तो फळा बोटभर उचलतो. नवख्याला हे ठाऊक नसते, म्हणून स्प्रिंग बहुतेक वेळा त्याच्याच उपयोगी पडते.

पाते झुकू शकत नाही, तेव्हा काय होते, हे रेल्वेच्या इतिहासात दिसते. १८६९ मध्ये टोरंटोच्या जे. डब्ल्यू. इलियट नावाच्या दंतवैद्याने फिरत्या पात्यांच्या बर्फ-नांगराची कल्पना मांडली. (फिरते हत्यार आणि अचानक लागणारा कठीण भाग, दंतवैद्याला यात नवे काय?) पुढे ऑरेंज जल यांनी ती सुधारली आणि लेस्ली बंधूंनी १८८०च्या दशकात ते यंत्र पूर्ण आकारात बांधले. इंजिनाच्या पुढे वाफेवर फिरणारे प्रचंड चक्र बर्फ कापून दूर फेकू लागले. आभाळातून पडलेला स्वच्छ बर्फ असेल तर त्याला तोड नव्हती. डोंगरावरून हिमलोट कोसळला की मात्र त्यात मोडलेली झाडे आणि दगड असत. फिरत्या पात्यांत एक ओंडका शिरला की यंत्र निकामी. म्हणून अशा ठिकाणी आधी माणसे फावडी घेऊन उतरत, लाकूड-दगड उपसत आणि मग यंत्र पुढे सरके.

१९१० च्या फेब्रुवारीअखेर वॉशिंग्टन राज्यातल्या कॅस्केड डोंगरात वादळ सुरू झाले आणि दिवसेंदिवस थांबेना. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या दोन गाड्या, एक प्रवासी आणि एक टपाल, वेलिंग्टन नावाच्या छोट्या स्थानकावर अडकल्या. रुळांवर एकामागून एक लोट येत होते आणि त्यांत झाडे होती. रोटरी यंत्रांना ते कापवेनात, फावडी पुरेनात. स्थानकावरचा उतार आधीच्या वणव्याने उघडा पडलेला होता. १ मार्चच्या मध्यरात्रीनंतर, एकच्या सुमारास, तो सगळा उतार खाली आला आणि दोन्ही गाड्या दरीत लोटल्या गेल्या. ९६ माणसे गेली. त्यांतले निम्म्याहून अधिक रेल्वेचे कर्मचारी होते. अमेरिकेतला तो आजवरचा सर्वांत प्राणघातक हिमलोट. रेल्वेने पुढे रुळांवर छप्परे बांधली आणि १९२९ मध्ये साडेबारा किलोमीटरचा नवा बोगदा काढून ती वाटच सोडून दिली.

आपल्या हिमालयात आजही असा मिश्र बर्फच हटवावा लागतो. श्रीनगर-लेह रस्त्यावरची साडेतीन हजार मीटर उंचीची झोजिला खिंड पूर्वी हिवाळ्यात पाच-सहा महिने बंद असे. २०२५ मध्ये सीमा रस्ते संघटनेने ती ३२ दिवसांत खुली केली. तिथे डोझर आणि ‘स्नो कटर’ लागतात. डोझरच्या पात्याला झुकणारी स्प्रिंग नसते. त्याचे संरक्षण म्हणजे त्याचा मंद वेग. बैलगाडीच्या चालीने ढकलणाऱ्या यंत्राला दगड लागला तर ते घुरघुरत थांबते, त्यातला माणूस काचेवर फेकला जात नाही. वेगाचा वर्ग त्या हिशेबात येतो: वेग निम्मा केला की धक्क्यातली ऊर्जा चौथाई होते. मिनेसोटातल्या चालकालाही हे माहीत असते. पण त्याला सहा वाजायच्या आत अख्खे गाव मोकळे करायचे असते.

घरापुढचा बर्फ काढायला वापरतात ते छोटे यंत्र म्हणजे स्नोब्लोअर. अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या मराठी घरांच्या गॅरेजमध्ये हे असतेच, आणि डॉक्टरांशी खरी गाठ तेच घालून देते. त्याच्या पुढच्या मळसूत्री पात्याला अडकून बसण्यापासून वाचवते ती ‘शिअर पिन’. ही मुद्दाम मऊ धातूची केलेली, काही रुपयांची खीळ असते. पात्यात दगड किंवा गोठलेले वर्तमानपत्राचे भेंडोळे अडकले की खीळ तुटते, पाते फिरायचे थांबते आणि आतली महाग गिअरपेटी वाचते. आपल्याकडे रोटाव्हेटरच्या शाफ्टला हाच बोल्ट असतो. तो तुटला की हाताशी असलेला कठीण बोल्ट ठोकून काम चालवण्याचा मोह इथेही आहे आणि तिथेही. पुढच्या दगडाला मग गिअरपेटी तुटते.

पण ही खीळ वाचवते ती यंत्राला. बोटाचे हाड तिच्यापुढे काहीच नाही, ते तुटेल तेव्हा खीळ हलणारही नाही. आणि बोटे आत जातात ती निराळ्याच कारणाने. जड, ओला बर्फ यंत्राच्या तोंडात घट्ट बसतो, पाते थांबते, माणूस वैतागतो, वाकतो आणि हात घालून बर्फ मोकळा करू लागतो. बहुतेकदा रोजच्या कामाचा हात. त्याने इंजिन बंद केलेले असले, तरी अडकलेल्या पात्याच्या पट्ट्यात पीळ शिल्लक राहिलेला असू शकतो. बर्फ सुटला की पाते अर्धा वेढा फिरते. तेवढ्याने मधल्या बोटांची टोके जातात. अमेरिकेत दर हिवाळ्यात हजारो माणसे या यंत्राच्या जखमा घेऊन रुग्णालयात येतात, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या हाताला इजा झालेली असते. हातमोजा काही वाचवत नाही, उलट तोच आधी ओढला जातो.

तुटलेले बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावे, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फात ठेवू नये, त्याने पेशी मरतात. भोवती सगळीकडे बर्फच असल्यामुळे ही चूक तिथे सहज होते. पण त्याआधीचा उपाय यंत्रावरच असतो. बऱ्याच नव्या यंत्रांना एका बाजूला फूटभर लांबीची प्लॅस्टिकची काठी क्लिपने अडकवलेली मिळते, तोंडात बसलेला बर्फ काढण्यासाठी. जुन्या यंत्राला नसेल, तर झाडूचा दांडाही चालतो.